आईचं आतड्याचं ऑपरेशन आणि पोटावरची पिशवी: तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ · ६ मे, रात्री १०:१२

नमस्कार. आईचं वय ६८, राहणार सांगली. गुदाशयाचा कॅन्सर, गाठ बरीच खाली. रेडिएशन आणि सोबतच्या केमोच्या गोळ्या मार्चमध्ये संपल्या. नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ लहान झालेली दिसली. आता या महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास पुण्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरतंय. गाठीचा भाग काढून आतडं पुन्हा जोडणार, पण तो जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर काढावं लागेल असं सर्जन म्हणाले. म्हणजे काही महिने पिशवी.

आईला मधुमेह आहे (गोळ्या चालू), हिमोग्लोबिन ९.४. तशी खंबीर बाई. रेडिएशनच्या वेळी एका शब्दाने कुरकुरली नाही. पण पिशवीचं कानावर पडल्यापासून एकच धोशा: "पिशवी लावायची असेल तर मला ऑपरेशनच नको." रोजची पूजा, सोवळं, भजनी मंडळ, लग्नकार्यं, सगळं संपलं असं तिच्या मनाने घेतलंय. बाबा नाहीत. करणारे आम्ही दोघं, मी आणि वहिनी.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी कृपया लिहा. आधी काय तयारी करायची, नंतर काय सांभाळायचं, आणि आईला समजवायचं कसं?

रानजाई · ६ मे, रात्री १०:४०

सासूबाईंचं झालंय, पण त्यांना पिशवी लागली नव्हती. तुमच्या आईला खूप शुभेच्छा. धागा वाचते आहे.

भूल_आणि_भान · ६ मे, रात्री ११:२५

मी भूलतज्ज्ञ आहे. हातात दोन आठवडे आहेत, ते वाया घालवू नका.

हिमोग्लोबिन ९.४ बद्दल उद्याच सर्जनशी बोला. तोंडावाटे घ्यायच्या लोहाच्या गोळ्या इतक्या थोड्या दिवसांत फारसं काही करत नाहीत. शिरेतून लोह द्यायचं असेल तर ते आताच द्यायला हवं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून भूलतज्ज्ञाला दाखवा. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) ते ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवावं लागतं. नाहीतर साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. मनाने काही बंद करू नका आणि चालूही ठेवू नका.

फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं फुंकणीसारखं दिसणारं यंत्र मिळतं. नाव फुंकणीचं असलं तरी त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. आजपासून सुरू करा. रोज अर्धा-पाऊण तास चालणं. आहारात अंडं, दही, पनीर, डाळ. आणि मिशरी किंवा तंबाखू असेल तर आज बंद, त्याने जखमा भरायला त्रास होतो.

चिंचपोकळी · ७ मे, सकाळी ७:५०

माझ्या वडिलांना रात्री बारानंतर पाण्याचा थेंब दिला नव्हता आणि नंबर लागला दुपारी दोनला. घसा कोरडा, डोकं दुखतंय, चिडचिड. ऑपरेशनपेक्षा तो दिवस त्यांच्या जास्त लक्षात आहे. म्हणून आईंच्या उपाशी राहण्याच्या वेळा आधीच विचारून ठेवा.

भूल_आणि_भान · ७ मे, सकाळी ९:०५

चिंचपोकळी, बारानंतर काहीच नाही हा सरसकट नियम आता मागे पडलाय. जेवण सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पातळ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. स्वच्छ म्हणजे पाणी, गाळलेलं सरबत, दुधाशिवायचा चहा. दूध आणि ताक त्यात येत नाही.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनमधल्या जुन्या सवयी एकेक करून तपासल्या: लांबलचक उपास, नाकातली नळी, दिवसचे दिवस अंथरुणात पडून राहणं. यातलं बरंचसं गरजेचं नव्हतं, उलट बरं व्हायला वेळ लावत होतं. आता अनेक रुग्णालयांत ऑपरेशननंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला खुर्चीत बसवतात. मात्र मधुमेहामुळे ज्यांचं जठर हळू रिकामं होतं त्यांचा हिशेब वेगळा असतो. तेव्हा कृष्णाकाठ, तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेलीच वेळ पाळा.

मुळाकडे · ७ मे, दुपारी १:१५

एवढी गाठ लहान झाली आहे तर चाकू कशाला? आमच्या ओळखीत एकांनी काढा आणि पथ्यावर ठेवलं, पिशवीची वेळ आली नाही. आईंची इच्छा नाही तर जबरदस्ती करू नये.

चिंचपोकळी · ७ मे, दुपारी १:३२

मुळाकडे, कळकळीने सांगतो, असं लिहू नका. घाबरलेल्या माणसाला हेच ऐकायचं असतं. माझ्या मोठ्या काकांनी याच सल्ल्यापायी आठ महिने घालवले. परत आले तेव्हा आतडं पूर्ण बंद झालं होतं, अर्ध्या रात्री तातडीने पोट उघडावं लागलं. तेव्हा पिशवी लागलीच, आणि ती कायमची.

भूल_आणि_भान · ७ मे, दुपारी २:१०

रेडिएशन-केमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी झाली तर काही निवडक रुग्णांना ऑपरेशन न करता कडक देखरेखीखाली ठेवतात, हे खरं आहे. पण त्यात ठरावीक काळाने एमआरआय आणि दुर्बिणीची तपासणी चुकवता येत नाही. ते सर्जन ठरवतात. इथे गाठ लहान झाली आहे, गेलेली नाही. काढ्याने ती जात नाही.

पांढरी_टोपी · ७ मे, रात्री ९:४८

मी स्टोमा नर्स आहे. पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. कृष्णाकाठ, माझ्या मते तुमच्या आईंसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी, आई जाग्या असताना, पेनाने आखून घ्या.

बाई झोपलेली असताना पोट सपाट दिसतं. बसली की वळ्या पडतात, वाकली की आणखी पडतात. वळीत स्टोमा आला की पिशवीची चकती नीट चिकटत नाही आणि मग गळती, आग, रडारड. म्हणून बसवून, उभं करून, वाकायला लावून जागा ठरवायची. नेसत्या साडीत जा! परकराची नाडी रोज जिथे बांधतात ती रेघ मी आधी बघते आणि स्टोमा तिच्या खाली किंवा वर घेते. सलवार किंवा पँटवाल्यांचं वेगळं. जागा चांगली असेल तर साडीवरून कुणाला काही कळत नाही.

स्टोमा लालबुंद आणि ओलसर असतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, पुसताना किंचित रक्त आलं तर घाबरायचं नाही. निळा-काळा पडला तर मात्र ताबडतोब रुग्णालय. आणि एक रिकामी पिशवी आत्ताच घरी आणा. त्यात थोडं पाणी भरून आईंच्या पोटावर चिकटवा, दोन दिवस घरात वावरू द्या. डोळ्यांनी बघितलं, हातात धरलं की निम्मी भीती जाते, हे मी रोज बघते.

वारकरी_एसटी · ८ मे, सकाळी ६:२०

राम कृष्ण हरी. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. माझी पिशवी कायमची आहे. गाठ अगदी गुदद्वाराशी होती, सगळं काढावं लागलं. त्याला आता बारा वर्षं झाली. पिशवी लावून मी सात वर्षं नोकरी केली, तिकिटं फाडली, खड्ड्यांतून उभ्याने प्रवास केला.

माझं मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचं तोंड आहे, त्यामुळे सकाळी कोमट पाणी स्टोमातून आत सोडून आतडं धुऊन घेतो. नर्सबाईंनी शिकवलं. मग दिवसभर जवळजवळ काही येत नाही. (आईंचं लहान आतड्याचं असणार, त्यांनी हे करायचं नाही.) आळंदीहून पंढरपूरला माउलींच्या पालखीबरोबर पायी जातो. पिशवीत पिशव्या, पाण्याची बाटली, जुनी वर्तमानपत्रं. दिंडीतल्या लोकांना माहीत आहे, कुणी तोंड वाकडं करत नाही.

ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा, आईंशी मी फोनवर बोलतो. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं तरी मला पटलं नव्हतं. वॉर्डात एक पिशवीवाले गृहस्थ येऊन शेजारी बसले, चहा प्याले, तेव्हा पटलं.

कृष्णाकाठ · ८ मे, सकाळी ८:०२

काका, दादाच म्हणा. डोळ्यांत पाणी आलं वाचून. आज संध्याकाळी फोन लावून देतो.

पोफळीच्या_बागेत · ८ मे, दुपारी १२:३०

पूजेबद्दल. आमची आजी कट्टर सोवळ्यातली, गुहागरकडची. तिलाही स्टोमा होता. सुरुवातीला देवघरात पाऊल टाकेना. आमच्या गुरुजींना आजोबांनी घरी बोलावलं. ते म्हणाले, "शरीर आहे तोवर त्यातून मळ जाणारच. वाट बदलली, एवढंच. आंघोळ करा, पिशवी रिकामी करा आणि बसा पूजेला." त्या दिवसापासून आजी पुन्हा पूजेला बसली. तुमच्या आईंचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा कुणाच्या तरी तोंडून हे येऊ द्या. मुलाने सांगितलेलं आया ऐकत नाहीत.

वऱ्हाडी_पाऊस · ८ मे, दुपारी ३:१८

तुमी घाबरू नोका भाऊ. माह्या काकीले नागपूरले झालं हे ऑपरेशन, आता पऱ्हाटीत निंदाले जाते. एकच सांगतो, भेटाले येनाऱ्याइले दारावरच थांबवा. पन्नास लोक आले अन् पन्नासाइनं पन्नास पथ्यं सांगतली.

रानजाई · ८ मे, दुपारी ३:२५

वऱ्हाडी_पाऊस +१. आमच्याकडे एक मावशी चिवडा घेऊन आयसीयूच्या दारात हजर!

लीड्सकर · ९ मे, पहाटे २:४०

इंग्लंडहून. माझंच ऑपरेशन झालंय, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचं, पिशवी नाही. इथे ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी घरी टपालाने एक छोटी नळी येते. शौचाचा नमुना त्यात घालून परत पाठवायचा, ते त्यात न दिसणारं रक्त शोधतात. मला काहीही त्रास नव्हता, त्या नळीनेच कळलं.

ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा च्युइंगगम चघळायला दिलं होतं. जेवण येतंय असं आतड्याला वाटतं आणि ते लवकर हलायला लागतं. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा. उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधाराने बसा, सरळ उठू नका. हे आईंकडून आधीच घरी करून घ्या.

अर्धा_कप · ९ मे, सकाळी १०:१५

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, टेबल असतो. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन भरती होण्याच्या आधी जा. मंजुरी आधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. पिशव्यांचा महिन्याचा खर्चही आधीच विचारा. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे साहित्य आणि मार्गदर्शन मिळतं.

कृष्णाकाठ · १८ मे, रात्री ९:३०

सगळ्यांना कळवतो. आई तयार झाली. वारकरी काकांशी पहिला फोन दहा मिनिटांचा म्हणून लावला, तो तासभर चालला. दोघांनी हरिपाठ म्हटला. दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच विचारलं, "ती रिकामी पिशवी आणतोस ना?" पाणी भरून लावली आणि तशीच शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आली. कुणालाही कळलं नाही.

शिरेतून लोह दिलं. जागा उद्या आखणार आहेत. परवा पोट साफ करायची पावडर आहे, दोन लिटर. त्याचं काही सांगाल का?

पारिजात_९ · १८ मे, रात्री ९:५५

पावडर दोन लिटर पाण्यात कालवून फ्रिजमध्ये गार करा. गार असली की खारट-तुरट चव कमी लागते. स्ट्रॉने प्या, वर लिंबाची फोड चोखा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा. खोली संडासाला लागून असेल तर उत्तम, नाहीतर वाटेतलं सामान हलवा, रात्रीचा दिवा चालू ठेवा. म्हातारी माणसं यात घाईने उठून पडतात. मऊ कागद, व्हॅसलीन जवळ असू द्या.

आदले दोन-तीन दिवस चोथा नको: भात, दही, मऊ इडली, बटाटा, गाळलेलं वरण. पालेभाजी, पेरू, टोमॅटोच्या बिया, तीळ, दाण्याचं कूट बंद.

भूल_आणि_भान · १८ मे, रात्री १०:२०

आणि त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी ग्लुकोमीटरने साखर बघा. खाणं नाही आणि जुलाब चालू, त्यामुळे साखर उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर साखरपाणी द्या आणि वॉर्डला फोन करा.

कृष्णाकाठ · २४ मे, सायंकाळी ६:४५

ऑपरेशन झालं, पाच तास. गाठ पूर्ण निघाली असं सर्जन म्हणाले. स्टोमा उजव्या बाजूला, पांढरी टोपी ताईंनी सांगितल्याप्रमाणे नाडीच्या खाली. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालली. राउंडला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "पिशवीत हवा आली का?" हवा आली म्हणजे आतडं चालू झालं. काल पहाटे पिशवी फुगली. वहिनीने घरच्या ग्रुपवर कळवलं आणि बावीस जणांनी अभिनंदन केलं.

वऱ्हाडी_पाऊस · २४ मे, सायंकाळी ७:०१

पेढे वाटा भाऊ!

लीड्सकर · २४ मे, रात्री ८:१०

खूप बरं वाटलं. पहिले दोन आठवडे ताप, नाडी जलद होणं, पोट फुगणं, वाढत जाणारं दुखणं यावर लक्ष ठेवा. जोडातून गळती होत असेल तर अशीच सुरुवात होते. "उद्या बघू" करायचं नाही. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं घरी आल्यावरही चालू ठेवतात, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बहुधा २८ दिवस. ती चुकवू नका.

कृष्णाकाठ · ३ जून, रात्री ११:०५

घरी आलो. पण पिशवी सारखी भरते आहे, अगदी पाण्यासारखं. आई तोंड कोरडं पडतंय म्हणून तांब्याच्या तांब्या पाणी पितेय, तरी थकलेलीच. शेजारच्या काकू नारळपाणी आणि मोसंबीचा रस देतायत.

पांढरी_टोपी · ३ जून, रात्री ११:२२

आत्ता लगेच वाचा. लहान आतड्याच्या स्टोमातून पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी जास्त प्यायल्याने ते आणखी वाहतं. गोड रसही तसंच करतो. नुसतं पाणी कमी करा आणि ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट द्या. मधुमेह आहे, तेव्हा साखर तपासत राहा. पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यात मोजून लिहा. दिवसाला ५०० ते ८०० मिली ठीक. दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी आणि गडद झाली, उभं राहताना चक्कर आली, यातलं काहीही असेल तर आजच रात्री डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंडावर ताण येतो. बाहेर पडणारं घट्ट करायच्या गोळ्या असतात, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

कृष्णाकाठ · ४ जून, दुपारी १:४०

मोजलं तर एकोणीसशे मिली. रात्रीच फोन केला, इथल्याच रुग्णालयात सलाइन लावलं. आता ओआरएस आणि गोळ्या सुरू आहेत, हजारच्या आत आलंय. ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

पोफळीच्या_बागेत · ४ जून, दुपारी ३:१२

खाण्यात भाताची पेज मीठ घालून, केळं, साबुदाण्याची खीर, बटाटा. यांनी घट्ट होतं. आजीला ओलं खोबरं मात्र सोडावं लागलं, आमच्या कोकणात ही केवढी शिक्षा! एकदा सोलकढीऐवजी खोबऱ्याची चटणी खाल्ली आणि स्टोमाच तुंबला.

अर्धा_कप · ४ जून, दुपारी ४:००

पण नुसत्या पेजेवर किती दिवस ठेवणार? माझ्या आईला सगळ्यांनी पेज-पेज करून इतकं अशक्त केलं की केमो पुढे ढकलावी लागली. अंडी, मऊ मासा, पनीर, सोसेल तसं लवकर सुरू करा.

पांढरी_टोपी · ४ जून, रात्री ९:१५

दोघींचं बरोबर आहे. पेज पोट धरायला आणि प्रथिनं जखम भरायला. पहिले सहा आठवडे मका, ओलं-सुकं खोबरं, दाणे, अळंबी, शेवग्याच्या शेंगा नकोत. मग एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडा, बारीक चावून. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसेल, ते रक्त नव्हे.

चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. स्टोमा पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो, म्हणून दर वेळी मोजा. जुन्या मापाने कापत राहिलात की उघड्या कातडीवर मळ लागतो आणि भाजल्यासारखं होतं. कातडी साध्या पाण्याने धुवा, डेटॉल नको, खोबरेल तेल नको. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा.

रानजाई · ५ जून, सकाळी ८:३०

वहिनी कशा आहेत? रात्रीच्या पिशव्या कोण बघतं? हे विचारायला सगळे विसरतात.

कृष्णाकाठ · ५ जून, सकाळी ९:१०

खरं आहे. रात्री आता माझी पाळी, दिवसा वहिनी. आणि आई दोन दिवसांपासून स्वतः रिकामी करायला शिकतेय.

वारकरी_एसटी · ५ जून, सकाळी ९:४५

करू द्या. हात थरथरला तरी करू द्या. ज्या दिवशी माझी पिशवी मी एकट्याने बदलली त्या दिवशी मी घरी आलो असं मला वाटलं. पाच किलोच्या वरचं ओझं मात्र सहा आठवडे उचलू देऊ नका. पाण्याने भरलेली बादलीसुद्धा नाही.

कृष्णाकाठ · २३ ऑगस्ट, रात्री १०:००

बरेच दिवसांनी. बायोप्सीचा अंतिम अहवाल चांगला आला, एकाही लसिकाग्रंथीत आजार नाही. आई श्रावणात रोज पूजेला बसली, मंगळागौरीला गाणी म्हटली. जोड नीट भरलाय हे तपासून गेल्या आठवड्यात स्टोमा आत घेतला. आता मात्र दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतंय, आणि लागलं की थांबवत नाही. आई म्हणते, "यापेक्षा पिशवी बरी होती."

पांढरी_टोपी · २३ ऑगस्ट, रात्री १०:३८

हे अनेकांना होतं. गुदाशय म्हणजे मळ साठवायची जागा, तीच कमी झाली आहे, त्यात रेडिएशन झालेलं. काही महिने ते दीड-दोन वर्षं हळूहळू सुधारतं. डॉक्टरांना विचारून इसबगोल थोड्याच पाण्यात घ्या आणि लागेल तशी घट्ट करायची गोळी. लघवी रोखून धरतो तसे स्नायू आवळून सोडायचे, दिवसातून तीन-चार वेळा, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. जागेला झिंक ऑक्साइडचं मलम आधीपासून लावा, कातडी सोलल्यावर नव्हे. पाण्याने धुऊन टिपून घ्या, घासू नका. बाहेर जायच्या आधी दोन-तीन तास जेवू नका, म्हणजे निर्धास्त जाता येतं.

लीड्सकर · २४ ऑगस्ट, पहाटे १:५०

कृष्णाकाठ, एक राहिलं. तुम्ही आणि तुमची भावंडं? आईला हा आजार झालाय, तेव्हा तुम्ही चाळिशीत आलात की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घ्यायला हवी. आईच्या भावाबहिणींनाही कळवा.

कृष्णाकाठ · २४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी ४३, दादा ४७. दोघांचीही पुढच्या महिन्यात करून घेतो. मिरजेच्या मामांना आजच फोन करतो.